उन्हात लपलेले सात रंग
(सर आयझॅक न्यूटन यांचे चरित्र)



२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. आपल्या देशाचे थोर शास्त्रज्ञ सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला प्रकाशाविषयी मोठा शोध लावला. म्हणून गुरुजींनी यंदाच्या भित्तिपत्रकाला प्रकाश हा विषय दिला आहे. रामन यांच्यावर दुसऱ्या गटाने लिहिले आहे. मी त्यांच्याही आधी अडीचशे वर्षे काम करून गेलेल्या न्यूटन यांच्यावर लिहीत आहे. न्यूटन म्हटले की सगळ्यांना झाडावरून पडलेले सफरचंदच आठवते. ती गोष्ट मी इथे सांगणार नाही. मी रंगांची गोष्ट सांगणार आहे.

जन्म व बालपण

आयझॅक न्यूटन यांचा जन्म इंग्लंड देशात वुल्सथॉर्प नावाच्या एका लहान खेड्यात २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. ही तिथल्या जुन्या कालगणनेची तारीख आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती ४ जानेवारी १६४३ अशी येते. आपण इतिहासात शिवाजी महाराजांचे चरित्र शिकतो. न्यूटन जन्मले तेव्हा महाराज बारा वर्षांचे होते. म्हणजे दोघे एकाच काळातले.

आयझॅकचे वडील शेतकरी होते. पण त्याच्या जन्माआधी तीन महिनेच ते वारले. जन्मला तेव्हा आयझॅक इतका बारीक होता की तो जगेल असे कुणाला वाटले नव्हते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि ती दुसऱ्या गावी राहायला गेली. आयझॅक आजीजवळ राहिला. आई परत घरी आली तेव्हा तो दहा वर्षांचा झाला होता. म्हणजे आता मी आहे तेवढा.

पुढे तो ग्रँथम गावच्या शाळेत जाऊ लागला. तिथे तो एका औषधवाल्याच्या घरी राहायचा. त्याला हाताने वस्तू करायचा भारी नाद होता. त्याने छोटी पवनचक्की केली. पाण्यावर चालणारे घड्याळ केले. भिंतीवर ऊन कुठे येते ते बघून त्याने खुंट्या ठोकल्या आणि सावलीवरून वेळ सांगायला लागला. रात्री तो पतंगाच्या शेपटीला कागदी कंदील बांधून उडवायचा. ते बघून गावातली माणसं घाबरायची. आकाशात शेंडेनक्षत्र आलं असं त्यांना वाटायचं!

शाळा सुटली आणि परत सुरू झाली

(हा भाग मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला आहे. म्हणजे पालकांना तो लांबून पण दिसेल.)

आयझॅक सोळा-सतरा वर्षांचा झाला. घरची शेती बघायला माणूस पाहिजे, म्हणून आईने त्याला शाळेतून काढले. आईचे पण बरोबरच होते, घरात कर्ता पुरुष नव्हता. पण आयझॅकचे शेतीत लक्ष लागेना. तो कुंपणापाशी बसून पुस्तक वाचायचा किंवा लाकूड तासत बसायचा. तोपर्यंत मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरायची. डुकरं धान्यात जायची. त्याबद्दल त्याला दंड झाल्याची नोंद तिथल्या गावच्या कागदपत्रांत अजून आहे.

मग त्याचे मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक आईला भेटले. हा मुलगा शिकण्यासाठीच आहे, याला परत पाठवा, अशी त्यांनी विनंती केली. मुख्याध्यापकांनी तर त्याची फी माफ केली असे सांगतात. आईने विचार केला आणि हो म्हटले. आयझॅक परत शाळेत गेला. तो गेला नसता तर पुढची सगळी गोष्ट घडलीच नसती.

आपली शाळा चौथीपर्यंत आहे. पाचवीसाठी ओढ्यापलीकडच्या गावी जावे लागते. वर्गातल्या काही मुलींचे अजून नक्की ठरलेले नाही. त्यांत मी पण आहे.

कॉलेज व प्लेगची साथ

१६६१ साली न्यूटन केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. पैसे कमी होते, म्हणून सुरुवातीला कॉलेजात इतरांची वरकामे करून त्यांनी शिक्षण घेतले. १६६५ साली इंग्लंडात प्लेगची मोठी साथ आली. आपल्याकडे २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तसेच तिथेही कॉलेज बंद झाले. न्यूटन आपल्या खेड्यात परत आले. पण त्यांनी तो वेळ वाया घालवला नाही. रोज नवीन गणिते आणि नवीन प्रश्न यांत ते गुंतलेले असत. त्यातलाच एक प्रश्न रंगांचा होता.

त्याच सुमारास त्यांनी एक लोलक विकत घेतला. तो जत्रेत घेतला असे सांगतात. लोलक म्हणजे तीन बाजूंचा काचेचा ठोकळा. तेव्हा लोक तो गंमत म्हणून घ्यायचे, कारण त्यातून पाहिले की सगळीकडे रंग दिसायचे.

आता रंग येतात कुठून? त्या काळी मोठमोठ्या विद्वानांना वाटायचे की ऊन पांढरे व शुद्ध असते आणि काच त्याला रंग लावते. पांढरे कापड रंगाऱ्याच्या पातेल्यात बुडवले की रंगीत होते, तसेच काहीसे. काहीजण म्हणायचे की उजेडात अंधार मिसळला की रंग तयार होतात. असे सगळे सांगत होते. पण नीट पारखून कुणी पाहिले नव्हते.

अंधाऱ्या खोलीतला कवडसा

न्यूटन यांनी खोलीची सगळी दारे-खिडक्या बंद केली. खिडकीच्या फळीला एक भोक पाडले, फक्त पाव इंचाचे. त्यातून उन्हाचा कवडसा आत आला. आपल्या कौलारू घरात सकाळी चुलीजवळ येतो तसा. त्या कवडशाच्या वाटेत त्यांनी लोलक धरला. उजेड लोलकातून जाऊन बावीस फूट लांब असलेल्या समोरच्या भिंतीवर पडला. तिथे रंगांचा पट्टा उमटला. एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा.

हे बघून दुसरा कुणी खूश होऊन गप्प बसला असता. न्यूटन यांनी पट्टा मोजला. तो सव्वातेरा इंच लांब भरला, आणि रुंदी अडीच इंचांहून जराशी जास्त. म्हणजे लांबी रुंदीच्या पाचपट! भोक तर गोल होते, सूर्य पण गोल. मग भिंतीवर गोल डाग पडायला पाहिजे होता. हा लांबट कसा झाला?

याचे उत्तर असे आहे. बादलीतल्या पाण्यात काठी तिरकी बुडवली की ती मोडल्यासारखी दिसते. काठी मोडत नाही, प्रकाश वाकतो. हवेतून पाण्यात किंवा काचेत तिरपा शिरताना आणि बाहेर येताना प्रकाशाची वाट वाकते. याला वक्रीभवन म्हणतात. न्यूटन यांच्या लक्षात आले की उन्हातले सगळे किरण सारखे वाकत नाहीत. तांबडा सर्वांत कमी वाकतो, जांभळा सर्वांत जास्त. मधले रंग मध्ये. म्हणून ते वेगवेगळ्या जागी पडतात आणि पट्टा लांब होतो.

दुसऱ्या लोलकाची परीक्षा

पण लोक म्हणणार, कशावरून? काचच रंग लावत असेल तर? मला हा भाग सर्वांत आवडतो.

न्यूटन यांनी एका फळीला बारीक भोक पाडले आणि ती रंगीत पट्ट्याच्या वाटेत उभी केली. भोकातून एकच रंग पुढे जाऊ दिला. समजा, फक्त तांबडा. पुढे दुसरा लोलक ठेवला. काच जर रंग लावत असेल, तर दुसऱ्या काचेने तांबड्याला अजून निराळे रंग लावायला पाहिजेत. पण तसे झाले नाही. तांबडा गेला तो तांबडाच बाहेर आला. निळा गेला तो निळाच आला. आणि निळा दुसऱ्या लोलकातही तांबड्यापेक्षा जास्त वाकला, पहिल्यासारखाच.

म्हणजे काच रंग लावत नाही. रंग आधीपासून उन्हातच असतात. काच फक्त ते वेगळे करते. आई ज्वारी चाळते तेव्हा खडे चाळणीतून तयार होत नाहीत. ते ज्वारीतच असतात, चाळण त्यांना बाजूला काढते. लोलक पण तशीच एक चाळण आहे.

मग न्यूटन यांनी उलटा प्रयोग केला. पट्ट्यातले सगळे रंग भिंगाने पुन्हा एका जागी आणले. तिथे पांढरा उजेड पडला! मधेच एखादा रंग अडवला की तो उजेड पांढरा राहायचा नाही. सगळे रंग असतील तरच पांढरा. आता शंकेला जागा राहिली नाही.

रंग किती?

न्यूटन यांनी रंग सात मानले. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा. आपण पाठ करतो ते तानापिहिनिपाजा. आधी त्यांनी मुख्य रंग पाचच धरले होते. पण गाण्यात जसे सात सूर असतात तसे रंगही सात असावेत असे त्यांना वाटले. खरे तर पट्ट्यात रेघा मारलेल्या नसतात. एक रंग हळूहळू दुसऱ्यात मिसळत जातो. आमच्या गटाने पट्टा पाहिला तेव्हा कुणी सहा मोजले, कुणी सात. पारव्यावरून तर भांडणच लागले. गुरुजींनी सांगितले की त्या भांडणात सगळेच बरोबर आहेत.

वस्तूंना रंग कसा येतो?

अंधारात वस्तूचा रंग दिसत नाही हे सर्वांना माहीत आहे. कारण रंग दिसतो तो उजेडामुळे. वस्तूवर ऊन पडते. त्यातले काही रंग वस्तू गिळून टाकते आणि उरलेले परत फेकते. जे परत येतात ते आपल्या डोळ्यांत शिरतात. पळसाचे फूल जास्त करून नारिंगी-तांबडा रंग परत फेकते. झाडाचे पान हिरवा जास्त परत फेकते, बाकीच्यातला बराच प्रकाश अन्न तयार करायला वापरते. पांढरी टोपी जवळजवळ सगळे रंग परत फेकते. काळी छत्री जवळजवळ सगळे गिळते, म्हणून ती उन्हात लवकर तापते.

आता एक शंका. रंगपेटीतले सगळे रंग मिसळले तर पांढरा का होत नाही? मळकट काळपट का होतो? कारण रंगपेटीतला प्रत्येक रंग उन्हातला थोडा थोडा उजेड गिळतो. सगळे एकत्र आले की सगळे मिळून जवळजवळ सर्व उजेड गिळतात. उजेडाचे रंग मिसळले तर उजेड वाढतो. रंगपेटीचे रंग मिसळले तर उजेड कमी होतो.

इंद्रधनुष्य पण याच नियमाने होते. पावसाचा प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटा लोलक. ऊन थेंबात शिरताना वाकते, आतल्या बाजूला आपटून मागे फिरते आणि बाहेर येताना परत वाकते. तेव्हा रंग वेगळे होतात. म्हणून सूर्य पाठीमागे आणि पाऊस समोर असला तरच इंद्रधनुष्य दिसते. सकाळी पश्चिमेला बघा, संध्याकाळी पूर्वेला बघा.

दुर्बीण, वाद आणि पुस्तक

त्या काळच्या दुर्बिणी भिंगांच्या असत. त्यांतून तारा पाहिला की कडेला रंगीत झालर दिसे. कारण भिंग पण काच आहे, ते रंग थोडे वेगळे करतेच. न्यूटन यांनी युक्ती केली. १६६८ साली त्यांनी भिंगाच्या जागी धातूचा बाकदार आरसा बसवून दुर्बीण तयार केली. आरसा सगळे रंग सारखेच मागे फेकतो, म्हणून झालर येत नाही. हा आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने घासून केला. दुर्बीण फक्त सहा इंच लांब होती, तरी त्यांना तीतून गुरू ग्रहाचे चंद्र दिसले. आजच्या मोठमोठ्या दुर्बिणी आरशाच्याच असतात.

१६६९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते केंब्रिजला गणिताचे प्राध्यापक झाले. १६७२ साली त्यांनी रंगांचा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. ही शास्त्रज्ञांची मोठी सभा होती. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. पण सगळ्यांना शोध पटला नाही. रॉबर्ट हुक नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तर विरोध केला. पत्रांतून खूप वाद झाला. न्यूटन यांचा स्वभाव थोडा रागीट होता. वादाला ते इतके कंटाळले की प्रकाशावरचे आपले मोठे पुस्तक त्यांनी १७०४ साली छापले, म्हणजे बत्तीस वर्षांनी! हुक त्याच्या आदल्या वर्षी वारले होते.

न्यूटन यांचे सगळेच बरोबर निघाले असे नाही. भिंगांची रंगीत झालर कधी घालवता येणार नाही असे त्यांना वाटे, पण पुढे दोन तऱ्हेच्या काचा जोडून लोकांनी ती बरीच कमी करून दाखवली. पण पांढऱ्या उन्हात सगळे रंग असतात ही गोष्ट आजपर्यंत टिकली आहे. कारण ती कुणाच्या सांगण्यावर नाही, प्रयोगावर उभी आहे. प्रयोग कुणीही करून बघावा.

सावध राहा

न्यूटन यांनी एक गोष्ट केली ती आपण मुळीच करायची नाही. त्यांनी आरशात सूर्य पाहिला. एकदा नाही, परत परत. त्यामुळे जिकडे बघावे तिकडे त्यांना सूर्याचा डाग दिसू लागला. शेवटी तीन दिवस ते अंधाऱ्या खोलीत बसून राहिले, तेव्हा कुठे दृष्टी सुधारू लागली. त्यांचे डोळे वाचले, पण सगळ्यांचे वाचत नाहीत. सूर्याकडे, आरशातल्या सूर्याकडे किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

करून पहा

१. आपल्याकडे लोलक नाही. तरी रंग काढता येतात. परातीत पाणी घेऊन ती उन्हात ठेवा. एक आरसा अर्धा पाण्यात बुडेल असा तिरपा टेकवा. पाणी स्थिर होऊ द्या. आरशावरून परत आलेला उजेड सावलीतल्या भिंतीवर पाडा. आरसा हळूहळू हलवत राहिले की रंगांचा पट्टा सापडतो. आरसा आणि पाण्याचा वरचा भाग यांच्यामधले पाणीच लोलक होते. आम्हाला दोन दिवस ढगांनी दमवले, तिसऱ्या दिवशी पट्टा दिसला.

२. पुठ्ठ्याची चकती कापा. तिचे सात भाग करून सात रंग द्या. मध्ये दोन भोके पाडून दोरा ओवा आणि भिंगरीसारखी फिरवा. रंग नाहीसे होऊन चकती पांढुरकी दिसते. अगदी पांढरी होत नाही, कारण आपले रंग उन्हातल्या रंगांइतके शुद्ध नसतात.

३. अंधाऱ्या खोलीत बॅटरीला तांबडा जिलेटीन कागद लावा आणि तो उजेड हिरव्या पानावर टाका. पान काळपट दिसेल. का, ते वर लिहिलेले वाचून सांगा.

शेवटची वर्षे

न्यूटन पुढे लंडनला राहिले. सरकारी टांकसाळीचे ते प्रमुख झाले. १७०३ साली रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १७०५ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना सर ही पदवी दिली. १७२७ च्या मार्च महिन्यात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते वारले. राजेराण्यांना पुरत असत त्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना पुरले. मेंढरे राखताना ज्याला दंड झाला होता तोच हा मुलगा.

ज्या कॉलेजात ते वरकामे करून शिकले, त्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. त्यांच्या हातात राजासारखी तलवार नाही, की सोन्याचा दंडही नाही. हातात एक लोलक आहे.

आज पालक शाळेत आहेत तोवर व्हरांड्यात उन्हाच्या बाजूला आम्ही परात आणि आरसा मांडून ठेवला आहे. ऊन असेल तर रंग दिसतील. सर्वांनी अवश्य बघून जावे.

इयत्ता चौथीची विद्यार्थिनी